वेस्ट कोस्ट ट्रेल (व्हँकुव्हर बेट) : सात दिवसांची किनारवाट आणि ओहोटीचा हिशेब

पाऊलखूण

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या नैऋत्य किनाऱ्यावरची वेस्ट कोस्ट ट्रेल आम्ही चौघांनी गेल्या हंगामात सात दिवसांत पूर्ण केली. जाण्यापूर्वी मी मराठीतून या वाटेविषयी बरीच शोधाशोध केली होती. छायाचित्रे पुष्कळ सापडली. दिवसाची आखणी कशी करावी याविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले नव्हते. म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांनी ही वाट केली आहे त्यांनी भर घालावी आणि ज्यांना करायची आहे त्यांनी मोकळेपणाने विचारावे.

प्राथमिक माहिती थोडक्यात देते. ही वाट पॅसिफिक रिम राष्ट्रीय उद्यान राखीव क्षेत्रात येते. उत्तर टोक बॅमफिल्ड गावाजवळच्या पचीना बेला आहे, दक्षिण टोक पोर्ट रेन्फ्रूजवळच्या गॉर्डन रिव्हरला, आणि या दोहोंमधले अंतर ७५ किलोमीटर आहे. किलोमीटरांची मोजणी उत्तरेकडून होते, म्हणजे पचीना बे हा शून्य किलोमीटर. वाट १ मे ते ३० सप्टेंबर एवढ्याच काळात खुली असते. रोज किती जणांनी सुरुवात करायची यावर मर्यादा असल्यामुळे आधी आरक्षण करावे लागते, आणि निघण्यापूर्वी पार्क्स कॅनडाच्या माहितीसत्राला उपस्थित राहणे बंधनकारक आहे. या सत्राला औपचारिकता समजू नये. कोणता पूल बंद आहे, कोणती शिडी मोडली आहे, अस्वल कुठे वारंवार दिसत आहे, ही त्या आठवड्याची ताजी माहिती तिथेच मिळते.

आता मुख्य मुद्दा. ७५ किलोमीटर आणि सात दिवस म्हणजे रोजचे जेमतेम अकरा किलोमीटर, असा सोपा भागाकार आम्हीही केला होता. या वाटेवर तो भागाकार उपयोगाचा नाही. मिशिगन क्रीकपर्यंतचे पहिले १२ किलोमीटर आम्ही साडेचार तासांत पार केले; दक्षिणेकडे लोगन क्रीक ते कलाइट कोव्ह या भागात मात्र दोन-अडीच किलोमीटरांना जवळपास तीन तास लागले. तिथे घळीच्या तळाशी उतरायचे, ओढा ओलांडायचा आणि पुन्हा तितकेच वर चढायचे असते, तेही एकाखाली एक लावलेल्या लाकडी शिड्यांवरून, पाठीवर सॅक घेऊन. संपूर्ण वाटेवर अशा शिड्यांच्या शंभरहून अधिक जागा आहेत. शिड्यांच्या मधल्या वाटेवर मुळांची जाळी, गुडघाभर चिखल आणि पावसाने बुळबुळीत झालेल्या फळ्या असतात. या फळ्यांवर माणसे फार घसरतात, कारण चिखलातून बाहेर आल्यावर पाय निश्चिंत होतो आणि नेमका तिथेच दगा बसतो.

त्यामुळे आखणी करताना मी किलोमीटर बाजूला ठेवून प्रत्येक दिवसाची ओहोटी आधी लिहून काढावी, असे सुचवेन. किनाऱ्यावरून जायचे की जंगलातून, हा प्रश्न या वाटेवर रोज अनेकदा समोर येतो आणि त्याचे उत्तर पाणीच देते. ओहोटी असेल तेव्हा ओल्या, घट्ट वाळूवरून किंवा कातळाच्या सपाट लादीवरून चालणे जंगलापेक्षा दुप्पट वेगाने होते, शिवाय समुद्र उघडा दिसत राहतो. भरती चढू लागली की हीच लादी सापळा बनते, कारण कित्येक ठिकाणी मागे उभा कडा असतो आणि वर चढायला जागाच नसते. कातळात समुद्राने आतपर्यंत कोरलेल्या अरुंद घळी हा याहून मोठा धोका आहे. वरून पाहता त्या उडी मारून ओलांडण्याजोग्या वाटतात, पण त्यांत लाटेचे पाणी अचानक उसळून वर येते आणि दोन्ही कडा शेवाळलेल्या असतात. वॉलब्रन आणि लोगन यांच्यामधली अॅड्रेनलिन क्रीकची घळ यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे ओहोटी कितीही चांगली असली तरी जंगलातूनच जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमची चूकही सांगते, कारण ती टाळता येण्यासारखी होती. ६७व्या किलोमीटरजवळचे ओवेन पॉइंट हे भूशिर पाण्याची पातळी १.८ मीटरच्या खाली असेल तेव्हाच ओलांडता येते. या किनाऱ्यासाठी टोफिनो बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते वापरतात. आमच्याजवळचा छापील तक्ता प्रमाणवेळेत होता, आणि उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे असल्याने त्यात एक तास मिळवावा लागत होता. आमच्यातल्या एकाने घरीच तो तास मिळवून कागदावर वेळा लिहून ठेवल्या होत्या. आदल्या रात्रीच्या मुक्कामी, कॅम्पर बेच्या तंबूत, मी त्याच वेळांत पुन्हा एक तास मिळवला. सर्वांत मोठी ओहोटी सव्वानऊला होती, आम्ही ती सव्वादहाला धरून आठ वाजता निघालो. तीन तासांत पोहोचू असे वाटले होते, मोठ्या शिळांमध्ये आणि शेवाळावर चार तासांहून अधिक गेले. भूशिराजवळ पोहोचलो तेव्हा पाणी चढत होते आणि प्रत्येक मोठी लाट वाटेच्या कातळावर फुटत होती. दोन लाटांच्या मधल्या वेळात पळून जाता येईल, असे आमच्यातल्या एकाला वाटत होते. आम्ही पाच मिनिटे उभे राहून पाहिले आणि मागे फिरलो. ६५व्या किलोमीटरजवळ जंगलात चढणारी वाट आहे, तिथपर्यंत परत येईतो पाण्याने आमच्या सकाळच्या पाऊलवाटेवरचे दोन सखल भाग गिळले होते. पुढे जंगलातून थ्रॅशर कोव्हला पोहोचायला संध्याकाळचे सात वाजले. कोणाला काही झाले नाही, परंतु तो एक तास आजही माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून माझा नियम असा आहे : तक्त्यावर वेळा एकाच व्यक्तीने लिहायच्या, दुसऱ्याने तपासायच्या, आणि कागदाच्या डोक्यावर ‘तास मिळवला आहे’ असे मोठ्या अक्षरांत लिहायचे.

कातळ

सविस्तर लेखनाबद्दल आभार. भरती-ओहोटीविषयी थोडी भर घालतो, कारण अनेकांना दिवसाला दोन सारख्या भरत्या आणि दोन सारख्या ओहोट्या एवढेच चित्र ठाऊक असते. व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरच्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल असते आणि दुसरी बरीच उथळ. त्यामुळे तक्त्यात केवळ ‘ओहोटी’ शोधून भागत नाही, तिची उंची मीटरमध्ये पाहावी लागते. दुपारच्या ओहोटीची पातळी २ मीटरच्या आसपासच थांबणार असेल, तर त्या ओहोटीत ओवेन पॉइंट उघडतच नाही.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा ओहोटी खूप खोल जाते, पण भरतीही तितकीच वर चढते आणि पाणी वेगाने हलते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा चढउतार कमी असतो. बरेच जण खोल ओहोटीच्या लोभाने उधाणाचा आठवडा निवडतात. उन्हाळ्यात या किनाऱ्यावरच्या खोल ओहोट्या बहुधा सकाळी येतात, त्यामुळे ती निवड चुकीची नाही. मात्र त्या आठवड्यात रात्रीची भरती पुळणीवर कुठवर येते हे पाहूनच तंबू ठोकावा. थ्रॅशर कोव्हची पुळण लहान आहे आणि उधाणात तिथे तंबूंना फार थोडी जागा उरते. वाळलेल्या समुद्री शेवाळाची सर्वांत वरची ओळ पाहावी आणि तिच्याही वर जागा शोधावी.

तक्त्यातले आकडे शांत समुद्राचे असतात, हेही लक्षात ठेवावे. दूरच्या वादळाने उठलेल्या लांब लाटा किनाऱ्याला लागत असतील तर १.५ मीटरच्या पातळीतही १.८ मीटरचा कातळ भिजतो.

निळाई

पाऊलखूण, मी आणि माझी बहीण पुढच्या वर्षी जाण्याचा विचार करत आहोत. माझ्या मनात दोन शंका आहेत. पहिली दिशेची. काही जण उत्तरेकडून सुरुवात करा म्हणतात, काही दक्षिणेकडून. दुसरी सॅकच्या वजनाची. माझे वजन ५४ किलो आहे आणि आठ दिवसांचे अन्न धरून सॅक १८ किलोंच्या खाली येतच नाही. शिड्यांची मला भीती नाही, पण गुडघ्यांची आहे.

पाऊलखूण

निळाई, आम्ही उत्तरेकडून निघालो आणि पुन्हा गेले तरी तसेच करेन. उत्तरेचा अर्धा भाग तुलनेने सपाट आहे. पहिल्या तीन दिवसांत अन्न कमी होते, खांद्यांना सॅकची सवय लागते, चिखलात पाय कसा टाकायचा ते कळते, आणि मग कठीण दक्षिण भाग हलक्या सॅकने करता येतो. शिवाय आपली चाल किती आहे याचा खरा अंदाज तोवर हाती आलेला असतो. आमचा तो अंदाज शेवटी चुकला, ही गोष्ट वेगळी.

वजनाविषयी स्पष्ट लिहिते, राग मानू नका. १८ किलो म्हणजे तुमच्या वजनाचा तिसरा हिस्सा झाला. सपाट वाटेवर तो निभावेल, कलाइटच्या शिड्यांवर निभावणार नाही. शिडी जवळजवळ उभी असते तेव्हा सॅक तुम्हाला मागे ओढते आणि सगळा भार हातांच्या पकडीवर येतो. चतुर्थांश, म्हणजे १३-१४ किलो, हे उद्दिष्ट ठेवा. आम्ही काय कमी केले ते सांगते. दोघींत एकच तंबू आणि एकच स्टोव्ह घेतला. डबाबंद काहीही घेतले नाही, सगळे अन्न सुके होते. कपडे चालण्याचा एक जोड आणि झोपण्याचा एक कोरडा जोड एवढेच. पाणी कधीही एक-दीड लिटरपेक्षा जास्त वाहिले नाही, कारण ओढे सतत लागतात. ओढ्याचे पाणी भरतीच्या टप्प्याच्या वर जाऊन भरावे आणि गाळून किंवा उकळून घ्यावे. जंगलातल्या कुजलेल्या पानांमुळे ते चहासारखे तपकिरी दिसते, त्याला घाबरू नये.

दोन गोष्टींवर मात्र वजन वाचवू नका : एक, पावसाचे चांगले जॅकेट, आणि दोन, पोटऱ्यांपर्यंत येणारे गेटर (बुटांवरून पायाला बांधायचे आवरण). तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उन्हाळा कोरडा म्हणायचा तोही तिथल्या मानानेच. ऑगस्टमध्ये पाऊस नसेल तर धुके असते, आणि ओले अंग वाऱ्यात लवकर गारठते.

सांजवारा

दिशेच्या बाबतीत मी वेगळे मत मांडतो. मी ही वाट दोनदा केली, एकदा प्रत्येक बाजूने. दक्षिणेकडून निघाल्यास पहिले दोन दिवस फार कष्टाचे जातात हे खरे आहे. होडीने गॉर्डन रिव्हर ओलांडताच चढ सुरू होतो आणि थ्रॅशरपर्यंतच्या अवघ्या पाच-सहा किलोमीटरांना माझे पाच तास गेले. परंतु त्या वेळी शरीर ताजे असते. उत्तरेकडून येणारी माणसे ओवेन पॉइंटला पोहोचतात ती सहाव्या किंवा सातव्या दिवशी, पायांना फोड, झोप अपुरी, घरी जाण्याची घाई आणि परतीची बस डोळ्यांसमोर. पाऊलखूण यांचा अनुभव मला नेमका हेच सांगतो. एक तास दोनदा मिळवण्याची चूक पहिल्या दिवशी झाली नसती.

दक्षिणेकडून निघणाऱ्याला आणखी एक सोय आहे. ओवेन पॉइंटची ओहोटी दुसऱ्याच दिवशी गाठायची असते, त्यामुळे आरक्षणाची तारीख निवडतानाच ती ओहोटी साधता येते. सहा दिवसांनंतरचा हिशेब आधी करून ठेवला तरी तो वाटेत विस्कटतो.

पाऊलखूण

सांजवारा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी त्याचा असा विचार केला नव्हता. थकव्याने हिशेब चुकतो, हे आमच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले. तरीही निळाई यांच्या गुडघ्यांचा विचार करता पूर्ण भरलेल्या सॅकने पहिल्याच दिवशी थ्रॅशरची उतरण मला धोक्याची वाटते. मुख्य वाटेपासून पुळणीपर्यंतचा तो शेवटचा किलोमीटर म्हणजे थकलेल्या पायांसाठी तीव्र उतार आणि शिड्या आहेत. ज्यांची सॅक हलकी आणि गुडघे भक्कम आहेत त्यांनी दक्षिणेकडून निघावे, इतरांनी उत्तरेकडून निघून दक्षिण भागासाठी एक पूर्ण राखीव दिवस ठेवावा, असे आता मी म्हणेन.

पाणकणीस

नद्या ओलांडण्याविषयी विचारायचे होते. मला पोहता येत नाही. केबल कार म्हणजे नेमके काय असते, आणि ती बंद असेल तर काय करायचे?

कातळ

पाणकणीस, केबल कार म्हणजे नदीवर ताणलेल्या तारेवरून सरकणारा छोटा उघडा पाळणा. त्यात दोन माणसे सॅकसह बसतात. मधल्या झोळापर्यंत तो आपोआप घरंगळतो, तिथून पुढे दोर ओढत स्वतःला पलीकडे न्यावे लागते. हे काम हातांना चांगलेच थकवते. मागे उभे असलेले लोक दोर ओढून मदत करतात, तशी मदत आपणही करावी. बोटे कप्पीजवळ जाऊ देऊ नयेत. क्लॅनावा, कार्माना, कलाइट आणि कॅम्पर या ठिकाणी मी ती वापरली.

उन्हाळ्यात पाणी कमी असेल तर यांतले काही ओढे पायी ओलांडता येतात. तसे करताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा म्हणजे तोल गेल्यास सॅक टाकून देता येते. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला आणि काठी तिसऱ्या पायासारखी टेकलेली असावी. एक-दोन दिवस संततधार लागली की हेच ओढे काही तासांत फुगतात. पाऊस थांबल्यावर तितक्याच लवकर उतरतातही. फुगलेल्या ओढ्याकाठी एक दिवस थांबणे हा पराभव नाही. त्यासाठीच एका दिवसाचे जास्तीचे अन्न बरोबर असावे.

निटिनाट नॅरोजचा प्रश्न वेगळा आहे. ३२व्या किलोमीटरजवळची ही अरुंद सामुद्रधुनी निटिनाट सरोवराला समुद्राशी जोडते आणि भरती-ओहोटीचे सगळे पाणी तिच्यातून प्रचंड वेगाने आत-बाहेर होते. ती पोहून किंवा चालत ओलांडण्याचा विचारही करू नये. डिटिडाट या तिथल्या मूळ समाजाचे लोक होडी चालवतात. होडीच्या वेळा दिवसापुरत्या असतात, त्यामुळे संध्याकाळी उशिरा पोहोचल्यास पलीकडे जाता येत नाही आणि तिथे मुक्कामालाही परवानगी नाही. म्हणून आदल्या दिवशी सूसियाट धबधब्याजवळ थांबून सकाळी निघणे बरे.

सांजवारा

निटिनाटबद्दल एक गोष्ट जोडतो. ज्यांना पुढे झेपणार नाही असे वाटते, त्यांना वाट सोडण्याची ही एकमेव सोयीची जागा आहे. इथून होडीने निटिनाट गावाकडे जाता येते. तिथे बसून प्रामाणिकपणे विचार करावा. उत्तरेचा भाग ज्याला कठीण गेला त्याला दक्षिणेचा झेपत नाही. माझ्या पहिल्या खेपेला आमच्यातली एक जण घोटा दुखत असताना ‘आता उरलेच किती’ म्हणून पुढे निघाली आणि वॉलब्रनला तिचा घोटा सुजून पाय टेकवेना. सुटकेची बोट यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, कारण समुद्र खवळलेला असेल तर बोट किनाऱ्याला लागूच शकत नाही. वाटेवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला संपर्क मिळत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र आमच्याजवळ होते म्हणूनच निरोप गेला.

शिंपला

या वाटेचा इतिहास कोणी लिहिला नाही म्हणून थोडे लिहिते. हा किनारा हू-आय-आट, डिटिडाट आणि पॅचीडाट या आदिम राष्ट्रांची भूमी आहे, आणि गावागावांना जोडणाऱ्या त्यांच्या पायवाटा व होड्यांचे मार्ग इथे फार पूर्वीपासून होते. आजही वाट त्यांच्या राखीव जमिनींतून जाते आणि त्यांचे रक्षक तिची देखभाल करतात. ‘प्रवेश नाही’ असे फलक दिसतील तिथे खरोखरच जाऊ नये. ती माणसांची घरे आणि पूर्वजांच्या जागा आहेत.

१८९०च्या सुमारास दीपगृहे आणि वस्त्यांना जोडणारी तारयंत्राची तार या किनाऱ्याने टाकण्यात आली. ह्वान दे फुका सामुद्रधुनीच्या तोंडाशी धुके, वादळे आणि प्रवाह यांमुळे इतकी जहाजे बुडाली की या किनाऱ्याला पॅसिफिकचे स्मशान म्हटले जाऊ लागले. सॅन फ्रान्सिस्कोहून सिअॅटलकडे निघालेले व्हॅलेन्सिया हे प्रवासी जहाज खराब हवेत सामुद्रधुनीचे तोंड चुकले आणि २२ जानेवारी १९०६च्या रात्री पचीना पॉइंटच्या आग्नेयेला कड्यांखालच्या खडकांवर आदळले. किनारा डोळ्यांसमोर असूनही शंभराहून अधिक माणसे मेली आणि जहाजावरच्या स्त्रिया व मुलांपैकी एकही वाचले नाही. वाचलेले जे थोडे किनाऱ्याला लागले त्यांना कड्याच्या वर तारेचा मार्ग सापडला, म्हणून मदत मागता आली. या दुर्घटनेनंतर तारेच्या मार्गाचे रूपांतर जीवरक्षक वाटेत करण्यात आले, ठरावीक अंतरांवर निवारे उभारले गेले आणि १९०८मध्ये पचीना पॉइंटचे दीपगृह सुरू झाले. बुडालेल्या जहाजांतील लोकांना चालत सुखरूप पोहोचता यावे म्हणून जी वाट बांधली, तीच आपण आज सॅक घेऊन चालतो. मिशिगन क्रीकला ओहोटीच्या वेळी कातळावर एक गंजलेला बाष्पक (बॉयलर) दिसतो, तो १८९३मध्ये फुटलेल्या मिशिगन नावाच्या जहाजाचा आहे. मी तिथे बराच वेळ उभी होते.

निळाई

शिंपला, हे वाचून अंगावर काटा आला. आणखी एक प्रश्न सर्वांनाच : त्सुनामीचे फलक छायाचित्रांत दिसतात. धोका किती गंभीरपणे घ्यायचा? आणि अस्वलांचे काय?

कातळ

त्सुनामीचा धोका गंभीरपणे घ्यावा, पण त्याच्या भीतीने झोप घालवू नये. या किनाऱ्याजवळ समुद्रतळाचा भूपट्ट खंडाच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. २६ जानेवारी १७०० रोजी तिथे सुमारे ९ तीव्रतेचा भूकंप झाला. तारीख इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण त्या त्सुनामीच्या लाटा जपानला पोहोचल्या आणि तिथल्या नोंदींत त्या टिपल्या गेल्या. पचीना बेवरच्या एका गावाला रात्री समुद्राने पुसून टाकल्याची आठवण हू-आय-आट लोकांच्या मौखिक परंपरेत आजवर टिकून आहे. व्यवहारात करायचे एवढेच : प्रत्येक मुक्कामी तंबू लावण्याआधी वर चढण्याची वाट कुठे आहे ते पाहून ठेवायचे, जमीन जोरात हादरली किंवा समुद्र विचित्र रीतीने मागे हटला तर सामान न उचलता वर जायचे आणि बराच वेळ खाली यायचे नाही.

पाऊलखूण

अस्वलांविषयी मी सांगते. काळी अस्वले आम्हाला दोनदा दिसली, दोन्ही वेळा ओहोटीच्या कातळावर खेकडे शोधत होती आणि त्यांनी आमच्याकडे लक्षही दिले नाही. लांडगे आणि कूगर (मोठी रानमांजरे) आहेत, आम्हाला फक्त पाऊलखुणा दिसल्या. जंगलातल्या वळणांवर बोलत चालावे, म्हणजे प्राणी दचकत नाहीत. अन्न, साबण, टूथपेस्ट, कचरा, ज्याला ज्याला वास आहे ते सर्व रात्री मुक्कामाच्या जागी असलेल्या धातूच्या पेट्यांत ठेवावे. पेट्या भरलेल्या असतील तर झाडावर उंच टांगण्यासाठी दोर बरोबर हवा. ज्या अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागते त्याला शेवटी प्राण गमवावे लागतात, म्हणून ही शिस्त त्यांच्यासाठीही आहे.

कातळावरचे शिंपले मात्र काढून खाऊ नयेत. विषारी शैवालामुळे त्यांत साचणारे विष उकळूनही जात नाही आणि त्याने पक्षाघात होतो.

पाणकणीस

सर्वांचे आभार. पाऊलखूण, एक शेवटचे विचारतो. आम्ही तिघे सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, उत्तरेकडून, आठ दिवसांत करण्याचे ठरवत आहोत. पहिल्या दिवसासाठी मिशिगनपर्यंतच जावे की डार्लिंग नदीपर्यंत रेटावे?

पाऊलखूण

आठ दिवस असतील तर मिशिगनलाच थांबा. डार्लिंग फक्त दोन किलोमीटर पुढे आहे आणि ती पुळण अधिक निवांत आहे, पण पहिल्या संध्याकाळी तंबू उजेडात लावून, पाय कोरडे करून, ओहोटीत कातळावर फिरण्याइतका वेळ हातात असणे मला अधिक मोलाचे वाटते. सप्टेंबरमध्ये दिवस लहान होत जातात आणि पावसाची शक्यता वाढते, त्यामुळे राखीव दिवस उत्तरेत खर्च करू नका, कॅम्पर बेसाठी ठेवा. तिथे पोहोचल्यावर ओवेन पॉइंटची ओहोटी जुळत नसेल किंवा लाटा मोठ्या असतील, तर एक दिवस थांबा नाहीतर सरळ जंगलातून जा. ती वाट संथ आणि चिखलाची आहे, पण पाण्यावर अवलंबून नाही.

आरक्षण झाले की तारखा इथे लिहा. त्या आठवड्याचा टोफिनोचा तक्ता कातळ आणि मी दोघेही स्वतंत्रपणे मांडू, तुम्हीही मांडा, आणि तिन्ही कागद जुळतात का ते पाहू.

पाणकणीस

नक्की. आरक्षण खुले होताच कळवतो. दोर आणि गेटर आजच यादीत घातले, आणि कागदाच्या डोक्यावर लिहायचे वाक्यही.

कातळ

तक्ता छापील घेतलात की संकेतस्थळावरून उतरवून घेतलात, तेही तारखांबरोबर लिहा. काही ठिकाणी उन्हाळी तास आधीच मिळवलेला असतो, त्यामुळे मूळ तक्त्यावर कोणती वेळ धरली आहे ते पाहिल्याशिवाय मी काहीच मांडणार नाही.